परदेशातलं पहिलं ‘हॅलो’: इंग्रजी अभिवादनाचे शब्द, त्यांचे अर्थ आणि त्यांची उत्तरं

पुण्याहून मँचेस्टरला शिकायला गेलेली मुलं, नाशिकहून लंडनच्या रुग्णालयात रुजू झालेल्या परिचारिका आणि नातवंडांसाठी न्यू जर्सीत जाऊन राहणारे आजी-आजोबा, सगळ्यांना एक अडचण सारखीच येते. इंग्रजी वाचता येतं, व्याकरणही बरं असतं, पण लिफ्टमध्ये शेजारी भेटला की त्या दोन सेकंदांत काय म्हणायचं ते सुचत नाही. शाळेत ‘गुड मॉर्निंग, टीचर’च्या पुढे आपल्याला हे कुणी शिकवलेलंच नसतं. खालच्या पायऱ्या नव्याने गेलेल्यांसाठी आहेत. भर ब्रिटनवर आहे. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात रीत वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे.

पहिली पायरी: शब्द उत्तरासकट शिका

आपल्याकडे दुपारी रस्त्यात कुणी भेटलं की ‘काय, जेवण झालं का?’ असं विचारतात. तुमच्या ताटात काय होतं हे विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं नसतं. ‘हो, आत्ताच. तुमचं?’ एवढ्याने काम होतं. ‘कुठं निघालात?’ला ‘हे काय, इथंच’ हे उत्तर पुरतं. प्रश्न विचारला गेला, परत दिला गेला, ओळख राहिली.

इंग्रजी अभिवादन अगदी असंच चालतं, फक्त प्रश्न निराळे आहेत. त्यामुळे शब्दकोशातला अर्थ पाठ करून फारसं साधत नाही. प्रत्येक अभिवादनाला त्याचं ठरलेलं उत्तर असतं आणि ती जोडी मिळूनच पाठ करायची असते. ‘नाइस टू मीट यू’ला ‘नाइस टू मीट यू टू’. ‘हॅव अ गुड डे’ला ‘यू टू’. ‘थँक यू’ला अमेरिकेत ‘यू आर वेलकम’, ब्रिटनमध्ये ‘नॉट ॲट ऑल’ किंवा ‘नो प्रॉब्लेम’, ऑस्ट्रेलियात ‘नो वरीज’. नुसतं ‘वेलकम’ ही आपल्याकडची सवय आहे. तिकडे तो शब्द दारात आलेल्या पाहुण्याचं स्वागत करतानाचा आहे.

आपले प्रश्न मात्र इंग्रजीत जसेच्या तसे नेऊ नका. ‘हॅव यू हॅड लंच?’ विचारलंत तर सहकाऱ्याला वाटेल की तुम्ही त्याला जेवायला बोलावताय. ‘व्हेअर आर यू गोइंग?’ ही चौकशी वाटते, अनोळखी माणसाने केली तर खटकतेसुद्धा. आणि निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायची आपली सुंदर रीत इंग्रजीत ‘आय ॲम कमिंग’ झाली, तर समोरचा बिचारा तुमची वाट बघत उभा राहतो.

दुसरी पायरी: हॅलो, हाय, हे आणि दिवसाची वेळ

‘हॅलो’ कुठेही चालतं. बँक, दवाखाना, शेजारी, मुलाच्या शाळेतल्या बाई, कुणालाही. ‘हाय’ थोडं मोकळं आहे, पण आज कार्यालयातही सर्रास चालतं. ‘हे’ अमेरिकेत सहकाऱ्यांमध्ये नेहमीचं आहे. ब्रिटनमध्ये ते मित्रमंडळींपुरतं ठेवलेलं बरं. लांबून मोठ्याने मारलेलं ‘हे!’ मात्र अभिवादन राहत नाही, ती हाक होते.

या ‘हॅलो’बद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तिचा खोटा अवतार आपल्या व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, म्हणून आपण फोनवर हॅलो म्हणतो, असं त्यात सांगतात. बेलचं लग्न १८७७ मध्ये मेबल हबर्ड हिच्याशी झालं. मार्गारेट हॅलो ही कपोलकल्पित बाई आहे. बेलला स्वतःला फोनवर ‘अहॉय’ हा खलाशांचा शब्द हवा होता. ‘हॅलो’चा आग्रह थॉमस एडिसनचा. ऑगस्ट १८७७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं की हाक मारायला वेगळी घंटा लागणार नाही, ‘हॅलो’ दहा-वीस फुटांवरून ऐकू येतं. म्हणजे हा मुळात लक्ष वेधून घेण्याचा शब्द. फोनने त्याला घराघरांत नेलं आणि तिथून तो समोरासमोरच्या भेटीत रुळला. १८८२ मध्ये मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली आणि हळूहळू तो आपलाही झाला. इतका, की ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाला कर्मचाऱ्यांना सांगावं लागलं की फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणा.

आता वेळेचं. ‘गुड मॉर्निंग’ दुपारी बारापर्यंत, ‘गुड आफ्टरनून’ बारापासून पाच-सहापर्यंत, त्यानंतर ‘गुड ईव्हनिंग’. ‘गुड नाइट’ फक्त निरोप घेताना. रात्रपाळीला जाणाऱ्या परिचारिकांनी हे नीट लक्षात ठेवावं: रात्री अकराला वॉर्डात शिरतानाही ‘गुड ईव्हनिंग’ किंवा साधं ‘हॅलो’च म्हणायचं. आत येता येता ‘गुड नाइट’ म्हटलं तर तुम्ही निघालात असा समज होतो. ‘गुड डे’ हा शब्द ब्रिटन-अमेरिकेत आज जुनाट वाटतो आणि स्वर जरा कडक असला तर ‘आता पुरे’ असा ऐकू येतो. ऑस्ट्रेलियात तोच ‘गिडे’ होऊन अतिशय प्रेमाचा होतो. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषेतलं ‘किया ओरा’ ऐकू येईल. त्याला ‘किया ओरा’च म्हणा, तिथल्या माणसाला बरं वाटतं.

तिसरी पायरी: ‘कसे आहात’ची सगळी भावंडं

नवखी माणसं सर्वांत जास्त अडखळतात ती इथे. म्हणून जरा थांबून पाहू.

‘हाउ आर यू?’ला ‘गुड, थँक्स. अँड यू?’ किंवा ‘फाइन, थँक यू. हाउ आर यू?’ हे उत्तर. प्रश्न परत करणं विसरू नका. ‘फाइन’ म्हणून गप्प बसणं कोरडं वाटतं. कंबर दुखते आहे, झोप झालेली नाही, हे सगळं खरं असलं तरी ते इथे सांगायचं नसतं. अपवाद डॉक्टरांचा आणि जवळच्या मैत्रिणीचा. पण डॉक्टरसुद्धा दारात ‘हाउ आर यू?’ म्हणतात तेव्हा ते अभिवादनच असतं. खरा प्रश्न खुर्चीत बसल्यावर ‘व्हॉट कॅन आय डू फॉर यू?’ किंवा ‘व्हॉट ब्रिंग्ज यू इन?’ अशा शब्दांत येतो. तेव्हा मन मोकळं करा.

‘हाउ डू यू डू?’ हे जुन्या ब्रिटिश औपचारिक वळणाचं वाक्य फक्त पहिल्या भेटीत म्हणतात. आता ते कमी ऐकू येतं, पण वयस्क माणसं म्हणतात. त्याला उत्तर ‘फाइन’ नाही. उत्तर तेच: ‘हाउ डू यू डू?’ अमेरिकेच्या दक्षिण भागातलं ‘हाउडी’ हे याच घराण्यातलं, घासून घासून छोटं झालेलं रूप.

‘यू ऑल राइट?’ किंवा नुसतंच ‘ऑराइट?’ हे ब्रिटनमध्ये दिवसातून अनेकदा कानांवर पडेल. आपल्या मुली पहिल्या आठवड्यात हमखास घाबरतात: माझा चेहरा उतरलाय का, मी आजारी दिसते का? तसं काही नसतं. ते ‘हॅलो’च आहे. उत्तर: ‘येस, थँक्स. यू?’ किंवा उलट ‘ऑराइट?’ दुकानात काउंटरमागचा माणूस ‘यू ऑल राइट देअर?’ म्हणाला तर त्याचा अर्थ ‘काय देऊ?’ असा आहे. तुम्ही कोसळून रस्त्यावर बसला असाल आणि कुणी वाकून ‘आर यू ऑल राइट?’ असं ‘आर’वर जोर देऊन विचारलं, तर मात्र तो खरा प्रश्न आहे. स्वर आणि प्रसंग पाहून फरक कळतो, आठ-पंधरा दिवसांत कान तयार होतो.

‘व्हॉट्स अप?’ अमेरिकेतल्या तरुणांचं. उत्तर ‘नॉट मच’. ‘हाउज इट गोइंग?’ला ‘गुड, थँक्स’. ऑस्ट्रेलियात हेच ‘हाउ या गोइंग?’ होतं. ते ऐकून प्रवासाचं साधन सांगायचं नाही, ‘गुड, यू?’ म्हणायचं. आयर्लंडमध्ये ‘व्हॉट्स द क्रॅक?’ असं विचारतील. तो ‘क्रॅक’ म्हणजे गप्पा, मजा, नवी खबर. अमली पदार्थाशी त्याचा काही संबंध नाही.

मध्य आणि उत्तर इंग्लंडमध्ये ‘एय अप’ म्हणतात, डर्बी-नॉटिंगहॅमकडे तर ‘एय अप, मी डक’. हे ‘डक’ म्हणजे लाडाचं संबोधन. तसंच दुकानदार किंवा बसचालक ‘लव्ह’ म्हणतो, न्यूकॅसलकडे ‘पेट’, ग्लासगोत बाईला ‘हेन’. यात लगट नसते, बहुतेक वेळा वयाने मोठी माणसं सगळ्यांनाच असं म्हणतात. तुम्ही मात्र ते उलट वापरू नका. बाहेरून आलेल्या माणसाच्या तोंडी ते खोटं वाटतं आणि कार्यालयात तर ते अनुचित ठरतं. ‘मेट’ पुरुषांना पुरुषांशी बोलताना चालतं, ऑस्ट्रेलियात त्याहून अधिक सैलपणे.

चौथी पायरी: नावानं हाक कशी मारायची

आपल्याकडे ‘सचिन सर’, ‘सुनीता मॅडम’ ही आदराची आणि आपुलकीची मधली वाट आहे. इंग्रजीत ती नाही. तिथे दोनच दारं: एकतर ‘मिस्टर’ किंवा ‘मिझ’ आणि आडनाव, नाहीतर नुसतं पहिलं नाव. ‘मिस्टर डेव्हिड’ हे दोन्हींत बसत नाही. बाईच्या लग्नाची स्थिती ठाऊक नसेल, आणि ती ठाऊक असण्याचं कारणही नाही, तेव्हा ‘मिझ’ वापरा. ‘मिसेस’ त्या स्वतः म्हणत असतील तरच.

ब्रिटिश शाळांत मुलं शिक्षकांना ‘सर’ आणि शिक्षिकेला ‘मिस’ म्हणतात, शिक्षिकेचं लग्न झालेलं असो वा नसो. विद्यापीठात प्राध्यापक बहुधा पहिल्याच तासाला ‘कॉल मी अमुक’ असं सांगतात. सांगितलं की म्हणा. जीभ अडखळते हे मला ठाऊक आहे. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं आपल्या संस्कारांत बसत नाही. पण आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांत जो आदर राहतो तो इंग्रजीत ‘यू’मध्ये राहत नाही. तो ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘प्लीज’, ‘थँक यू फॉर युअर टाइम’ यांत राहतो. ही वाक्यं सोडून वर ‘सर’ लावला तरी बोलणं उद्धट वाटू शकतं. ती असतील तर ‘डेव्हिड’ म्हणण्यात काहीही कमी-जास्त होत नाही.

रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट: ब्रिटनमध्ये शल्यचिकित्सकांना ‘डॉक्टर’ म्हणत नाहीत. ते ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ आणि आडनाव असे असतात, आणि त्यांना त्याचा अभिमान असतो. फिजिशियन मात्र ‘डॉक्टर’च.

‘सर’ हा किताबही आहे आणि तो लागतो पहिल्या नावाला. आपल्या ओळखीतलं उदाहरण मुंबईतच आहे: १८४२ मध्ये नाइट झालेले जमशेटजी जीजीभॉय हे ‘सर जमशेटजी’. ‘सर जीजीभॉय’ असं म्हणत नाहीत. राजा चार्ल्स यांना भेटायचा योग आला तर प्रथम ‘युअर मॅजेस्टी’, मग पुढच्या बोलण्यात ‘सर’.

अनोळखी वडीलधाऱ्यांना ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणू नका. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘सर’ आणि ‘मॅम’ मोकळेपणाने चालतात, कुणालाही. न्यूयॉर्कमध्ये एखाद्या बाईला ‘मॅम’ म्हटलं तर तिला आपलं वय काढल्यासारखं वाटू शकतं. तिथे ‘एक्सक्यूज मी’ म्हणून बोलायला लागा, संबोधन लागतच नाही.

पाचवी पायरी: हात, मान, नमस्कार

हस्तांदोलन उजव्या हाताने, डोळ्यांकडे पाहत, दोन-तीन सेकंद. हात फार सैल नको. ज्यांना परक्याच्या हातात हात देणं नको वाटतं, त्यांनी हसून, हात जोडून ‘हॅलो’ म्हणावं. कोरोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी लंडनमध्ये लोकांना हात जोडूनच अभिवादन केलं होतं. तो नमस्कार आता तिथे ओळखीचा आहे. रस्त्यावर रोज दिसणाऱ्या माणसाला मान हलवणं पुरेसं असतं.

सहावी पायरी: फोनवर

आपल्याकडे फोन करणाराच कधी कधी ‘कोण बोलतंय?’ असं विचारतो. इंग्रजीत ज्याने फोन केला त्याने आधी स्वतःचं नाव सांगायचं: ‘हॅलो, धिस इज मीरा जोशी.’ फोनवर ‘आय ॲम’ऐवजी ‘धिस इज’ म्हणतात आणि ‘मायसेल्फ मीरा’ कुठेच म्हणत नाहीत. पलीकडचा कोण हे विचारायचं असेल तर ‘हू आर यू?’ फार तोडून टाकणारं आहे. ‘मे आय आस्क हूज कॉलिंग?’ म्हणा.

सातवी पायरी: पत्राचा मायना

मराठी शाळेत मायन्यावर गुण असत. वडिलांना ‘तीर्थरूप’, त्यांच्यासाठी साष्टांग नमस्कार, बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’, लहानांना ‘चि.’ आणि अनेक आशीर्वाद. नातं काय आहे ते पहिल्याच ओळीत दिसायचं. इंग्रजी मायना याच्या अगदी उलट्या टोकाला आहे. आयकर खातं, बँकेचा व्यवस्थापक, मावशी आणि प्रियकर, सगळ्यांना एकच ‘डिअर’. त्या ‘डिअर’मध्ये प्रेम शोधू नका आणि तो लिहायला संकोचही करू नका. पुढच्या नावावरून आणि शेवटच्या ओळीवरून जवळीक ठरते.

‘रिस्पेक्टेड सर’ ही भारतीय इंग्रजीतली रीत आहे. ब्रिटन-अमेरिकेत ती परकी वाटते. नाव ठाऊक असेल तर ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव. नाव ठाऊक नसेल तर ‘डिअर सर ऑर मॅडम’. नोकरीच्या अर्जाला ‘डिअर हायरिंग मॅनेजर’ हे त्याहून बरं.

शेवट मायन्याशी जुळला पाहिजे. ब्रिटिश नियम असा: सुरुवात ‘डिअर सर ऑर मॅडम’ असेल तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’. सुरुवात नावाने असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’. अमेरिकेत दोन्ही ठिकाणी ‘सिन्सिअरली’ चालतं आणि औपचारिक पत्रात नावापुढे स्वल्पविरामाऐवजी अपूर्णविराम देतात. ईमेलमध्ये ‘काइंड रिगार्ड्स’ किंवा ‘बेस्ट विशेस’ कधीच चुकीचं ठरत नाही. अनेकांना एकत्र लिहिताना ‘डिअर ऑल’ किंवा ‘हाय ऑल’.

पहिल्या नावावर कधी यायचं, हे विचारत बसण्यापेक्षा त्यांच्या उत्तराची सही पाहा. ‘डेव्हिड’ एवढीच सही आली तर पुढचं पत्र ‘डिअर डेव्हिड’ असं लिहावं. सहीत पूर्ण नाव आणि पद असेल तर जिथे आहात तिथेच थांबा.

आठवी पायरी: ग्रीट, सॅल्यूट, हेल आणि कंपनी

‘ग्रीट’ म्हणजे अभिवादन करणं, कोणत्याही रीतीने. फक्त स्कॉटलंडमध्ये लेकरू ‘ग्रीट’ करतंय असं ऐकलंत तर ते रडतंय असं समजा, तिथल्या बोलीत त्या क्रियापदाचा तोच अर्थ आहे. ‘सॅल्यूट’ मुख्यतः लष्करी: कपाळाशी हात नेणं. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आरोग्य आणि क्षेम या अर्थाच्या शब्दात आहे. ‘हेल’ हा शब्दही ‘निरोगी’ या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला, आज तो टॅक्सीला हात दाखवून थांबवण्यासाठी जास्त वापरतात. ‘पे युअर रिस्पेक्ट्स’ हे बहुधा मृत्यूच्या प्रसंगी, शोकाकुल कुटुंबाला भेटताना. आनंदाच्या भेटीला ते वापरू नका.

कडक सॅल्यूटची रीत दलागणिक बदलते. भारतीय भूदलात तळवा समोर, नौदलात जमिनीकडे, आणि वायुदलात २००६ पासून पंचेचाळीस अंशांच्या कोनात. अमेरिकी सैन्यात तळवा खाली, ब्रिटिश भूदलात समोर. नागरिकांनी यांपैकी काहीच करायचं नसतं. आपल्याकडे सोसायटीचा रखवालदार सॅल्यूट करतो म्हणून लंडनच्या पोलिसाला तसं करू नका, ‘हॅलो, ऑफिसर’ पुरतं. अमेरिकेत राष्ट्रगीताच्या वेळी तिथले नागरिक उजवा हात छातीवर ठेवतात, पाहुण्याने शांत उभं राहावं.

‘गन सॅल्यूट’ म्हणजे तोफांची सलामी. प्रजासत्ताक दिनी दिल्लीत २१ तोफांची असते. राजघराण्याच्या सोहळ्याला लंडनच्या हाइड पार्कमध्ये ४१, टॉवर ऑफ लंडनला ६२. ब्रिटिश अमलात संस्थानिकांचा मान याच आकड्यावर मोजला जाई: बडोदा आणि ग्वाल्हेर २१, कोल्हापूर १९.

नववी पायरी: निघताना

‘गुडबाय’ हा ‘देव तुमच्या सोबत असो’ या अर्थाच्या वाक्याचा संक्षेप आहे. पण रोजच्या बोलण्यात तो पूर्ण शब्द जरा जड, कायमच्या निरोपासारखा वाटतो. ‘बाय’ बरं. ‘सी यू लेटर’ म्हणजे भेट ठरली असं नाही, पुन्हा कधी भेट होईलच असंही नाही. ‘टेक केअर’ आपल्या ‘काळजी घ्या’सारखंच. ब्रिटनमध्ये ‘चिअर्स’ हा शब्द पेला उंचावताना, आभार मानताना आणि निरोप घेताना, तिन्ही वेळी चालतो. ‘वी मस्ट हॅव लंच समटाइम’ ऐकून दिवस विचारू नका. तारीख आणि जागा सांगितली तरच ते आमंत्रण.

निघण्याच्या खुणा ओळखायला शिका. फोनवर ‘एनीवे’ आलं की समोरच्याला बोलणं संपवायचं आहे. घरी बसलेला इंग्रज पाहुणा गुडघ्यांवर हात ठेवून ‘राइट’ म्हणाला की तो उठणार. आपल्यासारखा ‘अजून थोडं बसा, चहा घ्या’ असा आग्रह एकदाच करा, दुसऱ्यांदा नको. तुम्ही कुणाकडे जेवायला गेलात तर दारात ‘थँक यू फॉर हॅविंग मी’ म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ओळींचा संदेश पाठवा: जेवण छान झालं, भेटून आनंद झाला.